कॅरॅव्हॅनची भिंत

आज दिवसभर यॉर्कशरमधल्या आमच्या जुन्या कॅरॅव्हॅनच्या (गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या) मागच्या भिंतीला भिडलो होतो. बाहेर फायबरग्लास, मध्ये पॉलिस्टायरीनचा (थर्माकोलसारखा) फोम, आत पातळ प्लायवूड. तिन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, तोवरच त्या भिंतीत ताकद. खिडकीच्या पट्टीखालून पाणी झिरपलं, प्लाय कुजलं आणि भिंतीला फुगा आला.

कुजलेलं आधीच खरवडून हीटर लावून वाळत ठेवलं होतं, कारण ओल राहिली तर काहीच धरत नाही. आज इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं चिकट रेझिन) भरलं. (इथे पॉलिस्टर रेझिन अजिबात नको, त्यातलं स्टायरीन फोम विरघळवतं!) वर सपाट फळी ठेवून टेकू दिले. खिडकीला सिलिकॉनऐवजी ब्युटाइलची (मऊ, चिकट रबराची) पट्टी लावली, पुढेमागे खिडकी काढावी लागली तर सोपं जातं.

उद्या टेकू काढून भिंत ठोकून बघणार. पोकळ आवाज येऊ नये, एवढीच इच्छा!