गाळावयाची पाने

माधवराव पेशव्यांवरच्या 'स्वामी' कादंबरीच्या, ग्रंथालयातून आणलेल्या प्रतीत कोणीतरी समासात पेन्सिलीने एक सूचना लिहून ठेवली आहे आणि ती वाचल्यापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. सूचना अगदी सभ्य आहे. 'येथून रमाबाईंची पाने. इतिहासासाठी वाचणाऱ्यांनी सरळ पुढील प्रकरणास जावे.' अक्षर वळणदार, वेलांट्या लांब, ओळ पट्टी लावल्यासारखी सरळ. त्याखाली दुसऱ्या कोणी निळ्या बॉलपेनने लिहिले आहे, 'आभारी आहे.'

पेन्सिलीपेक्षा ते 'आभारी आहे' मला जास्त लागले. एकट्याने लिहिले असते तर ज्याची त्याची आवड म्हणून सोडून देता आले असते, पण दोन अनोळखी माणसांचे एकमत झाले की त्याला निकालाचे स्वरूप येते. मी हे पुस्तक पुन्हा पुन्हा घरी आणते ते नेमके त्याच पानांसाठी. हैदरवरच्या मोहिमा मी वाचते, नाही असे नाही; पण त्या वाचताना माझे अर्धे लक्ष माधवराव आणि त्यांच्या पत्नी रमाबाई पुन्हा एका दालनात केव्हा येणार याकडे असते. म्हणजे ज्या पानांसाठी मी जाते, ती लोकांनी ओलांडून जायची जागा आहे, आणि तेथे तशी पाटीही लावलेली आहे.

एवढ्याशा गोष्टीने इतके का लागावे, हे मला कळत नाही. विद्याताईंना फोन करावा असे वाटले, पण केला नाही. ह्यांना सांगितले असते तर 'मग घे की काहीतरी भरीव वाचायला' एवढेच उत्तर आले असते, आणि ते उत्तर मला या घरात आणि त्या घरात मिळून पुरेसे ऐकून झाले आहे. नानांच्या कपाटात वरच्या फळ्यांवर 'कामाची' पुस्तके असत. आईच्या कादंबऱ्यांना कपाट नव्हतेच. त्या गाद्यांच्या घडीखाली असत आणि पाहुणे आले की आणखी आत सरकत. मुखपृष्ठावर पेशवाई पगडी असली म्हणजे मात्र तीच प्रेमकथा उजळ माथ्याने दिवाणखान्यात येई आणि नानाही ती चाळून 'चांगली आहे' म्हणत. आईने यावर कधी काही म्हटले नाही. तिला काय वाटत असेल, ते असो.

ही सोय आमच्याच घरची नव्हती, ती आपल्या कादंबरीइतकीच जुनी आहे. नारो सदाशिव रिसबूड यांनी 1868 साली 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत अडचण सरळ मांडली होती: आपल्याकडच्या विवाहाच्या रीती आणि एकूण राहणी अशी, की रोजच्या जगण्यातून गोडी लागेल असे काही हाती येत नाही, म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताचाच आश्रय करावा लागतो. जेथे लग्ने भातुकलीच्या वयात लागत, तेथे अनुराग, हुरहूर, रुसवा यांना घरात जागा नव्हती. मग लेखकाने ते सगळे उचलून राजवाड्यांत आणि अप्सरांसारख्या नायिकांकडे नेऊन ठेवले. तीनच वर्षांनी, 1871 पासून, गुंजीकरांची 'मोचनगड' येऊ लागली आणि कल्पनेतल्या राजवाड्यांच्या जोडीला शिवकाळातला गडही आला. तेव्हा ऐतिहासिक कादंबरीत प्रेमाची पाने नंतर कोणी घुसडली असे म्हणण्यापेक्षा, अद्भुताने आधीपासून सांभाळलेले प्रेमच पुढे इतिहासाच्या आश्रयाला आले असे म्हणणे मला अधिक खरे वाटते. पेन्सिलवाल्यांना हे कोणी सांगितले नसावे.

याच प्रतीत त्यांचे इतरही शेरे आहेत. रमाबाई बोलल्या की समासात 'पुरावा?' असे लिहिलेले आहे, आणि एके ठिकाणी तर त्याखाली दोन रेघा ओढलेल्या आहेत. दरबारातल्या बोलण्यापुढे मात्र एकही प्रश्नचिन्ह नाही. राघोबादादा आणि माधवराव यांच्यातली खडाजंगी कोणी शब्दशः टिपून ठेवली होती की काय? तीही रणजित देसाईंनीच लिहिली, त्याच लेखणीने, 1962 साली. माधवरावांविषयी कागद पुष्कळ आहेत; सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद छापले तेच 45 खंड झाले, आणि ज्याला निव्वळ इतिहास हवा आहे त्याला ते खंड मोकळेच आहेत. रमाबाईंविषयी जे हाती लागते ते फार थोडे. त्या शेवटी कशा गेल्या, हे तेवढे सर्वांना ठाऊक असते. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला माधवराव क्षयाने गेले, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आणि त्या सती गेल्या. थेऊरला नदीकाठी त्यांचे वृंदावन आहे. त्या शेवटाच्या पानांवर मला जे वाटते, ते पूर्वी वाटत असे त्याहून पुष्कळ निराळे आहे. पण तो विषय आज नको.

'राऊ'च्या वाचकांतही हेच पाहिले आहे. इनामदारांच्या त्या कादंबरीवरून 2015 मध्ये चित्रपट आला, तेव्हा काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या म्हणून केवढा गदारोळ झाला. त्या आक्षेपात तथ्य नव्हते असे मी म्हणत नाही. लढायांच्या दृश्यांत काय काय चालून गेले, याची झाडाझडती मात्र तितक्या आवेशाने झालेली मला आठवत नाही. प्रेमाच्या प्रसंगांना दाखला मागायचा आणि तलवारींना मोकळीक द्यायची, असा हा न्याय आहे.

संध्याकाळी मीरा आली होती. तिच्या हातात नेहमीप्रमाणे विटेएवढी जाड इंग्रजी कादंबरी होती, सुरुवातीला नकाशा, मध्ये ड्रॅगन आणि शत्रूच्या राजपुत्रावर जडलेला जीव. त्या मुली पानांच्या कडेला रंगीत चिकटपट्ट्या लावतात: युद्धाला निळी, रडू आले तर पिवळी, प्रेमाला गुलाबी. गुलाबी पट्ट्या इतक्या होत्या, की बाजूने पुस्तकाला झालर लावल्याचा भास होत होता. मी तिला समासातली सूचना दाखवली. ती म्हणाली, "मावशी, म्हणजे या काकांनी तुझ्यासाठी खूणच करून ठेवली आहे. मी तर पहिल्यांदा तिथेच उघडीन." मला हसू आले आणि थोडा रागही आला, कारण हे इतके सोपे असते हे मला तिच्या वयात कोणी सांगितले नाही.

ती गेल्यावर मी ती पाने पुन्हा काढली आणि या वेळी मजकुराऐवजी समास वाचत गेले. सूचनेनंतर तिसऱ्या पानावर छपाईत एक अनुस्वार गळला आहे. तो पेन्सिलीने भरलेला आहे. पुढे 'तिने' ऐवजी 'तीने' छापले गेले आहे, त्यातली वेलांटी त्याच लांब वळणाने दुरुस्त केली आहे. प्रकरण संपते तेथे समासात लिहिले आहे, 'येथे संपली.' म्हणजे गृहस्थांनी सर्वांना पुढे पाठवले आणि स्वतः मागे राहून अनुस्वारासकट सगळे वाचून काढले! घरी कोणी पाहू नये म्हणून 'पुरावा?' लिहीत असतील, कोण जाणे. नानाही ती पुस्तके 'चाळत' असत, पण चाळायला त्यांना अख्खी दुपार लागे.

मग माझा राग बराचसा उतरला. इतक्या काळजीने वाचणाऱ्याशी भांडण तरी कसले करायचे? निळ्या बॉलपेनाचे मात्र वाईट वाटते. त्यांनी सल्ला खरोखरच मानला असावा, कारण पुढे त्या पानांवर त्यांची एकही खूण नाही. त्यांच्या वाट्याला मोहिमा, करार आणि एका तरुण पेशव्याचा आजार एवढेच आले, आणि तो आजार कोणाच्या डोळ्यांनी पाहायचा ते त्यांना कळलेच नसेल.

शनिवारी वाचक मंडळात मला 'ऐतिहासिक कादंबरीत सत्य किती असावे' यावर बोलायचे आहे. विषय विद्याताईंनी दिला आहे आणि वेळ दहा मिनिटे. त्यातली सात मी रमाबाईंना देणार आहे आणि उरलेली तीन हैदरअलीला, कारण जोशीकाका पहिल्याच रांगेत बसतात.