मार्झिपानचा तिसरा हंगाम: वहीतल्या नोंदी

मागचे दोन हिवाळे माझं मार्झिपान, म्हणजे वाटलेल्या बदामाची आणि साखरेची मिठाई, काजूकतलीच्या चुलत बहिणीसारखं लागत होतं. वाईट नव्हतं, दिवाळीच्या ताटात सहज खपलं असतं. पण हॅम्बुर्गात राहायचं, मार्झिपानसाठी नावाजलेलं ल्यूबेक रेल्वेने पाऊण तासावर, आणि चुलत बहिणीवर समाधान मानायचं, हे मला झेपेना. म्हणून यंदा विकतचा गोळा आणायचा नाही असं ठरवलं. बदामापासून सुरुवात करायची आणि जानेवारीपर्यंत जमेल तेवढे जर्मन प्रकार करून बघायचे. ज्यांना हाच नाद आहे त्यांच्यासाठी वहीतल्या नोंदी जवळजवळ जशाच्या तशा उतरवते आहे. वजनं माझ्या काट्यावरची आहेत, चुकाही माझ्याच.

12 ऑक्टोबर

आधी थोडं गणित, कारण खरी मेख तिथेच आहे. जर्मनीत मूळ बदामाच्या गोळ्याला वेगळं नाव आहे, रोहमासे. त्यात साखर 35 टक्क्यांच्या वर नको आणि ओलावा 17 टक्क्यांच्या वर नको, असा नियम. या गोळ्यात आणखी साखर मळली की त्याचं मार्झिपान होतं, आणि ही वरची साखर गोळ्याच्या वजनाइतकी घालायला परवानगी आहे. म्हणजे अगदी कायदेशीर, पण स्वस्तातल्या मार्झिपानमध्ये दोन तृतीयांश साखर असू शकते! ल्यूबेकवाले मात्र 70 भाग गोळ्याला 30 भाग साखर यापुढे जात नाहीत, आणि त्यांच्या 'एडेल' प्रकारात 90 ला फक्त 10. ल्यूबेकच्या मार्झिपानला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षणही आहे.

मागच्या वर्षी मी डोळे मिटून निम्मी साखर घालत होते. काजूकतली लागणारच.

19 ऑक्टोबर, पहिला घाणा

400 ग्रॅम बदाम उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, मग सोलले. त्यात सहा कडू बदाम. 200 ग्रॅम साखर.

कडू बदामाबद्दल सावधान. त्यातल्या अमिग्डालिनमधून दोन गोष्टी सुटतात. एक बेंझाल्डिहाइड, ज्याला आपण 'मार्झिपानचा वास' म्हणतो तो. दुसरी हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे विष. हे आम्ल 26 अंशांच्या आसपासच उडायला लागतं, त्यामुळे भाजलेल्या गोळ्यात भीती कमी. पण लहान मुलांच्या हाती हे बदाम लागू देऊ नयेत, त्यांना चार-पाच दाणेही घातक ठरू शकतात. जे प्रकार भाजायचे नसतात त्यात मी बाटलीतला बिनविषारी कडू बदामाचा अर्कच वापरते, दोन थेंब. पुण्याची मैत्रीण गुरबंदी बदाम वापरते, त्यात एखादा कडवट दाणा निघतोच. पण कुठला निघेल याचा भरवसा नाही, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

मिक्सरमध्ये वाटताना तेल सुटलं. बदामात निम्मं तेलच असतं, आणि मिक्सरचं भांडं गरम झालं की ते बाहेर येतं. मग गोळा हातात चकाकतो, पण दाताखाली वाळूसारखा लागतो. वाचवायला गेले ते आणखी मळून, म्हणजे आगीत तेल. फेकला नाही, त्याचा शिरा केला. शिरा उत्तम झाला.

20 ऑक्टोबर, दुसरा घाणा

सोललेले ओले बदाम तासभर फ्रीझरमध्ये ठेवले. साखर पहिल्यापासून बदामाबरोबरच घातली, म्हणजे ती तेल धरून ठेवते. मिक्सर पाच सेकंद चालू, दहा सेकंद बंद. वेळ गेला, पण तेल सुटलं नाही.

आता भाजणं. ल्यूबेकच्या कारखान्यांत बदाम-साखर ग्रॅनाइटच्या रुळांखाली वाटतात आणि मग तांब्याच्या उघड्या कढयांत परततात. हे परतणं बहुतेक घरगुती कृतींमध्ये गाळलेलं असतं, आणि माझ्या मते घरचं मार्झिपान फसतं ते इथेच. भाजल्याने जास्तीचं पाणी जातं, गोळा टिकाऊ होतो आणि साखरेपेक्षा बदामाचा स्वाद पुढे येतो. मी जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, लाकडी उलथन्याने परतलं. किती वेळ, ते कुठेच धड लिहिलेलं नव्हतं. शेवटी आईची काजूकतलीची खूण वापरली: गोळा कढईची बाजू सोडायला लागला की बस. पण मी 'अजून जरा' म्हणत पंधरा मिनिटं गेले. 676 ग्रॅमचे 598 झाले. थंड झाल्यावर गोळा भुसभुशीत, बेसनलाडूसारखा. गुलाबपाणी शिंपडून सावरला.

26 ऑक्टोबर, तिसरा घाणा

आठच मिनिटं. 678 चे 645. कढईतून काढल्या काढल्या स्टीलच्या परातीत पातळ पसरून बाल्कनीत ठेवला, बाहेर सहा अंश. गोळा झटपट थंड झाला नाही तर आतल्या आत शिजत राहतो. मग घट्ट गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये.

तिसऱ्या दिवशी एक तुकडा तोंडात टाकला. आधी बदाम, मग ओलसर मऊपणा, गोडी बरीच उशिरा, आणि सगळं गिळून झाल्यावर जिभेच्या मागे एक बारीक कडवट किनार. ही किनारच मला दोन वर्षं सापडत नव्हती. नुसत्या गोड पदार्थाचा दुसरा तुकडा नको होतो, इथे ती कडू किनार तोंड पुसून देते आणि हात परत डब्याकडे जातो. इतकी शतकं हा पदार्थ कुणाला कंटाळवाणा कसा झाला नाही, याचं माझ्यापुरतं उत्तर मला त्या तुकड्यात मिळालं.

दिवाळीचा आठवडा

चकल्या, चिवडा. मार्झिपान बंद.

9 नोव्हेंबर, ल्यूबेक

निडेरएग्गरचं कॅफे टाउनहॉलच्या समोरच आहे. योहान गेओर्ग निडेरएग्गर हा मूळचा उल्मचा मिठाईवाला, 1806 साली इथे धंद्याला लागला. वरच्या मजल्यावर छोटंसं संग्रहालय आहे, त्यात पुरुषभर उंचीच्या मार्झिपानच्या मूर्ती. त्या बघून मला भूक लागली नाही, उलट गेली. खाली हेझलनटचा, मार्झिपानच्या पातळ पांघरुणाखालचा नट-केक खाल्ला, ती मात्र परत आली.

ल्यूबेकची आवडती कथा अशी: 1407 साली शहरात दुष्काळ पडला, धान्य संपलं, तेव्हा कोठारातले बदाम आणि साखर मिसळून भाकरी केली, तेच मार्झिपान. ऐकायला गोड. पण गहू संपलेल्या शहरात बदाम आणि साखर कशी काय शिल्लक? तेव्हा साखर औषधाच्या मोलाची, आणि मार्झिपान विकायचे ते औषधवालेच. अशीच दुष्काळाची कथा इतर शहरंही स्वतःच्या नावावर सांगतात. ल्यूबेकमध्ये या पदार्थाची लेखी नोंद सापडते ती 1530 ची, कारागिरांच्या संघाच्या दप्तरात. तो सामान्यांच्या घरात आला तो बराच नंतर, 19 व्या शतकात बीटची साखर स्वस्त झाल्यावर. त्या साखरेचा पहिला कारखाना 1801 मध्ये सिलेसियात निघाला. म्हणजे आजी-आजोबांच्या आठवणीतलं जे 'पारंपरिक' मार्झिपान, ते एका कारखानदारी शोधाचं अपत्य. मला यात वावगं काही वाटत नाही, आपली साबुदाण्याची खिचडी तरी कुठे वेदकाळातली आहे!

16 नोव्हेंबर, बटाटे

बटाटे म्हणजे छोट्या बटाट्यांसारख्या दिसणाऱ्या मार्झिपानच्या गोळ्या. 200 ग्रॅम गोळा, 80 ग्रॅम पिठीसाखर, अर्धा चमचा गुलाबपाणी. लाडवासारखे वळायचे, पण गोटीएवढे, आणि कोकोत घोळवायचे. वरून सुरीने दोन चिरा. वीस मिनिटांत 34 बटाटे. यात शिकण्यासारखं काही नाही, संपण्याचा वेग सोडला तर.

23 नोव्हेंबर, बेथमेन्शेन

फ्रांकफुर्टचा नाताळचा प्रकार. 250 ग्रॅम गोळा, 80 पिठीसाखर, 60 बदामपूड, 30 मैदा, एका अंड्याचा पांढरा बलक. छोटे गोळे, प्रत्येकाला उभे चिकटवलेले तीन अर्धे बदाम, वरून पिवळा बलक, 150 अंशांवर पंधरा मिनिटं. पहिल्या ट्रेमधले बदाम कमळासारखे उघडून खाली पडले. ते नुसते टेकवायचे नसतात, तळापासून दाबून वर न्यायचे असतात. दुसऱ्या ट्रेमधले टिकले.

म्हणे सिमोन मोरिट्झ फॉन बेथमान या सावकाराच्या घरी 1838 मध्ये फ्रेंच आचाऱ्याने हे केले, चार मुलांसाठी चार बदाम लावून. हाइनरिश हा मुलगा 1845 मध्ये गेला, तेव्हापासून तीन. गोष्ट काळजाला भिडते, पण सिमोन मोरिट्झ स्वतः 1826 मध्येच वारले होते. शिवाय फ्रांकफुर्टात याहून जुनं भाऊबंद आहे, ब्रेंटेन, म्हणजे कोरीव लाकडी साच्यात दाबून भाजलेलं मार्झिपान. तो साचा मला हवा आहे. पाडव्याच्या गाठींचे जुने लाकडी साचे ज्यांनी पाहिलेत त्यांना का ते कळेल.

30 नोव्हेंबर, श्टोलन

श्टोलन म्हणजे जर्मनीतला नाताळचा गोड पाव. पिठाच्या मधोमध 150 ग्रॅमची मार्झिपानची लांब वळकटी. भाजून, लोण्याने माखून, पिठीसाखरेत बुडवून, गुंडाळून ठेवला. तीन आठवडे हात लावायचा नाही. लोणच्यासारखं मुरणं आहे हे, फक्त घरातल्यांना ते पटत नाही.

7 डिसेंबर, क्योनिग्सबर्ग

वरच्या मजल्यावर ऐंशी पार केलेल्या बाई राहतात. त्यांचं कुटुंब 1945 मध्ये पूर्व प्रशियातून निर्वासित होऊन आलं. क्योनिग्सबर्ग आता कालिनिनग्राड, रशियात. शहर राहिलं नाही, पण त्याच्या नावाचं मार्झिपान राहिलं. पोमाट्टी बंधूंनी तिथे 1809 मध्ये मार्झिपानचा कारखाना काढला. श्वेर्मर ही तिथलीच 1894 ची मिठाईची पेढी पुढे बव्हेरियात बाड वोरिशोफेनला गेली.

ल्यूबेकहून याचा फरक दोन गोष्टींत: गुलाबपाणी सढळ, आणि वरून लालसर भाजलेलं. लाटून पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची पोळी कापायची, कडेने पट्टी लावून भिंत करायची, भिंतीला चिमट्याने नक्षी पाडायची, कडांना पिवळा बलक लावून भट्टीच्या वरच्या आचेखाली दोन-तीन मिनिटं धरायचं. थंड झालं की मधल्या वाटीत लिंबू-गुलाबपाण्याची साखर आणि पाकवलेली फळं.

चिमटा माझ्याकडे नव्हता. मग हाताने करंजीची मुरड घातली. बाईंनी डब्यातला एक तुकडा उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, हे कुठल्या चिमट्याने केलंत? मी दोन बोटं दाखवली. त्यांनी मुरडीची कड तेवढी मोडून खाल्ली, मधली साखर बाजूला ठेवली. म्हणाल्या, कडेला अजून काळपट हवं, आणि गुलाबपाणी दुप्पट. दुसऱ्या घाण्यात दोन्ही केलं. साडेतीन मिनिटांना कड काळी ठिक्कर, तीनला बरोबर. गुलाबपाण्याबाबत मात्र मी दीडपटीवर थांबले, त्यापुढे हळदीकुंकवाला आल्यासारखं वाटतं.

गोव्याच्या नाताळात काजूचं मासपान करतात, त्यातही गुलाबपाणी असतं. पोर्तुगीजांनी आणलेला पदार्थ, बदामाच्या जागी घरचा काजू. बाईंना ते सांगितलं तर त्यांनी विचारलं, मग कडवटपणा कुठून येतो? येत नाही. तो वेगळा पदार्थ आहे, आणि छान आहे.

14 डिसेंबर, केकचा फज्जा

ल्यूबेकचा नट-केक घरी. तीन मिलिमीटर जाडीची मार्झिपानची पोळी थेट फेटलेल्या क्रीमवर पांघरली. दुपारी सुरेख. रात्री पोळीला घाम, सकाळी खालच्या कडेला पाक साचलेला. साखर क्रीममधलं पाणी ओढून घेते, हे कळायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही, पण मला त्यासाठी एक केक घालवावा लागला. मध्ये जर्दाळूच्या जॅमचा किंवा लोण्याच्या क्रीमचा थर हवा.

21 डिसेंबर

श्टोलन कापला. वळकटी मधोमध, पण वरच्या बाजूला बारीक पोकळी: पीठ फुगलं, मार्झिपान फुगत नाही. पुढच्या वेळी वळकटी गुंडाळायच्या आधी थोडी चपटी करेन.

28 डिसेंबर, आयोडीन

पर्सिपान म्हणजे बदामाऐवजी जर्दाळूच्या किंवा पीचच्या बियांचा स्वस्त भाऊ. ओळखू यावा म्हणून त्यात अर्धा टक्का स्टार्च घालतात, आयोडीनचा थेंब टाकला की निळा होतो. जखमेवरचं आयोडीन आणून बशीत तीन तुकडे मांडले. पाकिटावर स्पष्ट पर्सिपान लिहिलेला तुकडा निळा झाला. माझा मूळ गोळा पिवळट तपकिरीच राहिला. आणि माझाच बटाटा, अभिमानाने वळलेला, निळाशार! दहा मिनिटं डोकं खाजवलं. मग पिठीसाखरेचं पाकीट वाचलं: गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात स्टार्च. म्हणजे ही परीक्षा मूळ गोळ्यावरच घ्यायची, साखर मळल्यावर नाही.

31 डिसेंबर

नववर्षाला शुभ म्हणून मार्झिपानची डुकरं देतात. अकरा केली. नऊ उभी राहिली, दोन बसली. कान अंड्याच्या पांढऱ्या बलकाने चिकटवले, शेपटी काडीवर गुंडाळून.

फ्रिजमध्ये 180 ग्रॅम गोळा उरला आहे. लाकडी साचा कुणाकडे असेल, जुना, चिरा न गेलेला, तर कळवा.