खरखर थांबली

"आवाज येणा नाय. बंद पडलो की काय रे?" आप्पाकाका वाकून पडद्याकडे बघत होते.

बंद नाही, उलट पळत होता. मालवणच्या घरातला त्यांचा जुना संगणक, ४८६ प्रोसेसरचा, विंडोज ९५ आणि मेमरी ४ एमबी. विंडोज ९५ला किमान तेवढी लागतेच, पण हिशोबाची फाईल उघडली की मेमरीतली जागा संपायची आणि उरलेली माहिती हार्ड डिस्कवर ये-जा करायची. खरखर त्याचीच! काका मात्र इतकी वर्षं ती खरखर म्हणजे काम चालू असल्याची खूण समजत होते.

आज १६ एमबी मेमरीची जुनी पट्टी मिळाली. खाऱ्या हवेने तिच्या कडेचे संपर्क काळवंडले होते, खोडरबरने अलगद घासले आणि बसवली. फाईल लगेच उघडली. डिस्क गप्प.

प्रोसेसर तोच, ६६ मेगाहर्ट्झचा. सगळं घर त्यालाच म्हातारा म्हणत होतं. बिचाऱ्याचा बहुतेक वेळ डिस्ककडून माहिती यायची वाट बघण्यात जायचा.

अशी किती चांगली यंत्रं भंगारात गेली असतील, या विचाराने खरंच वाईट वाटतंय.

तुमच्या माळ्यावर आहे का एखादं? देऊन टाकण्याआधी एकदा उघडून बघाल?