बाबांची भजनाची वही आणि लिस्बनचं घड्याळ

लिस्बनला येऊन मला सहा वर्षं झाली. ऑफिस सुटलं की रात्री स्वतःचं काहीतरी बनवत बसायची सवय इथेच लागली. घरखर्चाचं ॲप, पुस्तकांची यादी, असं बरंच काही सुरू केलं. दर वेळी आधी लॉगिन, मग डार्क मोड, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप ते सगळ्यात शेवटी. तिथवर पोचायच्या आतच उत्साह संपायचा.

टिकलं ते एकच. डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळासाठी केलेलं.

गोव्यात आमच्या घरी बोलणं कोकणी आणि भजन मराठी. बाबांच्या दोन जाड वह्या आहेत. अभंग निळ्या शाईत, चाल लाल शाईत. पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटायला लागली, तेव्हा बहिणीने आणि मी ती टाइप करायला घेतली. तिने फोनवर, मी लॅपटॉपवर. शोधायची सोय मी केली. बाबांनी पहिल्याच दिवशी 'वारकऱ्या' एवढं लिहून शोधलं आणि व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "अरे, हांगा वारकरी ना मरे!"

अभंग तर वहीत होता. दोन रात्री गेल्या, तेव्हा कळलं. 'ऱ्या'मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसरी, साधा र, हलन्त आणि पुढे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगवेगळे शब्द. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. मग साठवताना आणि शोधतानाही दोन्ही एकाच रूपात आणायची सोय केली. चार ओळींचं काम, पण मराठी टाइप करणारा माणूस समोर नसता तर ही चूक कधीच दिसली नसती.

नंतर सप्ताहाच्या पाळ्या. वास्कोच्या दामोदर सप्ताहाएवढा आमचा मोठा नाही, पण भजन रात्रंदिवस अखंड चालतं आणि घराघराला पाळी लागते. पाळीच्या अर्धा तास आधी फोन वाजावा म्हणून जानेवारीत प्रोग्रॅम लिहिला, लिस्बनमध्ये तपासला. मिनिटाचाही फरक नाही! श्रावणात बाबांची पाळी पहाटे २ ची होती. फोन वाजला सकाळी सातला, भजन करून आलेले बाबा चहा पीत असताना. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेवर, चालत होता, हिवाळ्यात लिस्बनचं घड्याळही यूटीसीवरच असतं, आणि भारत त्याच्या साडेपाच तास पुढे. माझ्या खोलीत ही चूक दिसणं शक्यच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मंडळाने विश्वासाने माझ्यावर सोपवलेलं काम होतं ते.

गेल्या श्रावणात रजा काढून गावी आलो. वेळा बरोबर होत्या, फोनही वेळेवर वाजत होते, पण घरच्या ओट्यावर. देवळात जाताना कोणी फोन नेत नाही, आणि रात्री तो चार्जिंगला लावून माणसं आतल्या खोलीत झोपतात. दीड वाजता बाबांना हलवून उठवलं ते आईने. शेजारच्या दोन घरांत विचारलं, तिथेही तेच.

आता प्रत्येक पाळीपुढे दोन नंबर आहेत. आमच्या घरचा पहिला नंबर आईचा.