युद्धनौकेचं वजन तोफांमुळे वाढत नाही

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत 'निलगिरी' ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, नौदलात दाखल झाली. याच नावाची पहिली फ्रिगेटही माझगाव डॉकनेच बांधली होती, १९७२ सालची. ती ११३ मीटर लांब, वजन सुमारे ३,००० टन. नवी १४९ मीटर लांब, ६,६७० टनांची. जुनीवर ११४ मिमीच्या दोन तोफा होत्या. नवीवर ७६ मिमीची एकच. म्हणजे तोफ लहान झाली आणि जहाज दुप्पट झालं.

हेलिकॉप्टरचं हँगर आणि माणसांची सोय यांनी जागा खाल्ली हे खरंच. पण मुख्य कारण रडारची उंची. पाण्याला चाटून येणारं क्षेपणास्त्र पृथ्वीच्या गोलाईआड लपतं. ते किती अंतरावर दिसेल याचा ढोबळ हिशोब असा: रडारची उंची आणि क्षेपणास्त्राची उंची, दोन्ही मीटरमध्ये घ्या, प्रत्येकाचं वर्गमूळ काढून ४.१ ने गुणा आणि बेरीज करा. रडार १६ मीटरवर आणि क्षेपणास्त्र ५ मीटरवर असेल तर उत्तर येतं २६ किलोमीटर. रडार २५ मीटरवर नेलं तर ३०. नऊ मीटर चढून मिळाले जेमतेम चार किलोमीटर. पण सेकंदाला २८० मीटर वेगाने येणाऱ्या क्षेपणास्त्राविरुद्ध ते १४ सेकंद आहेत, आणि तेवढ्यात जहाजाच्या बचावासाठीचं एक बराक क्षेपणास्त्र जास्त सोडता येतं.

या १४ सेकंदांची किंमत तळाशी मोजावी लागते. चारही दिशांना पाहणारी रडारची तबकं, त्यांच्या केबल, थंड पाण्याचे पाइप हे सगळं डोलकाठीवर चढलं की गुरुत्वमध्य वर सरकतो. जपानची 'तोमोझुरू' ही लहान टॉर्पेडो नौका १२ मार्च १९३४ रोजी वादळात उलटली ती याचमुळे: छोट्या सांगाड्यावर प्रमाणाबाहेर शस्त्रं. उपाय म्हणजे रुंदी वाढवायची. पण रुंदी फार वाढली की जहाज झटके देत डोलतं आणि हेलिकॉप्टर उतरवणं अवघड होतं. मग लांबी आणि वजनही वाढवावं लागतं.

मारा मात्र लांबीशिवायही वाढतो. 'दिल्ली' (१९९७) आणि 'विशाखापट्टणम' (२०२१) या दोन्ही विनाशिका, म्हणजे फ्रिगेटहून मोठ्या युद्धनौका, १६३ मीटरच्याच. पहिलीवर विमानविरोधी क्षेपणास्त्रं एकेक करून लाँचरवर चढवावी लागत; दुसरीवर ३२ बराक-८ डेकखाली उभ्या सेलमध्ये, म्हणजे क्षेपणास्त्र जिथून थेट सुटतं त्या खणांमध्ये, तयार असतात, शिवाय १६ ब्राह्मोस.

पुढची वाढ विजेची असेल. ६० किलोवॉटचं लेझर शस्त्र ३० टक्के कार्यक्षम धरलं तर त्याला २०० किलोवॉट वीज लागेल आणि उरलेल्या १४० किलोवॉटची उष्णता चिलरला, म्हणजे थंड करणाऱ्या यंत्राला, काढावी लागेल. त्यासाठी जनरेटर, चिलर, पंप, सगळ्यांना जागा हवी. शिवाय आपल्याकडच्या पावसाळी, दमट हवेत किरण विखुरतो. म्हणून लेझर आलं तरी क्षेपणास्त्रांचे सेल कमी करणं मला धोक्याचं वाटतं.

सेलची संख्या खरी कळीची. एका लक्ष्यावर दोन क्षेपणास्त्रं सोडायची पद्धत धरली तर ३२ म्हणजे १६ लक्ष्यं. स्वस्त ड्रोनचे थवे आले तर ती संख्या लवकर संपते. समुद्रात सेल पुन्हा भरणं हा नित्याचा प्रकार नाही: क्रेनवर लटकलेला लांब कॅनिस्टर, म्हणजे क्षेपणास्त्राची नळी, हलत्या जहाजातल्या अरुंद सेलमध्ये सरळ उतरवावा लागतो, आणि थोडा झोल गेला तरी तो कडेला आपटतो. अमेरिकेनेही 'चोसिन' क्रूझरवर रिकाम्या कॅनिस्टरनेच ऑक्टोबर २०२४ मध्ये याची चाचणी घेतली. तोवर बंदरात परतणं आलंच. येमेनमधल्या एडनहून मुंबई सुमारे ३,००० किलोमीटर, १८ नॉट वेगाने जवळपास चार दिवस. जायला चार, यायला चार, आणि मधल्या काळात त्या पट्ट्यात दुसरं जहाज हवं. म्हणून माझं मत असं की मोजक्याच अवाढव्य विनाशिकांपेक्षा ६,००० ते ७,००० टनांची जहाजं जास्त संख्येने बांधावीत, आणि समुद्रात सेल भरण्याच्या क्रेनवर आजपासून पैसा लावावा.