लाजेचे कर्ज आणि व्याजाचे कर्ज

जानेवारी 2022 मधल्या एका रविवारी जेवणानंतर मी आणि माझे यजमान मुलाची जुनी वही घेऊन बसलो आणि घरावर असलेले प्रत्येक देणे तिच्यात एकाखाली एक लिहिले. तोपर्यंत आमची देणी कधी एका कागदावर आलीच नव्हती. पतसंस्थेचे पुस्तक कपाटात असे, भिशीचा हिशेब माझ्या डोक्यात आणि क्रेडिट कार्डाचे बिल यजमानांच्या मोबाइलमध्ये. बेरीज 2,61,300 रुपये झाली. त्यात पतसंस्थेचे 85,000, कार्डाचे 64,000, कागलच्या माझ्या दादाकडून हातउसने घेतलेले 60,000, भिशीचे नऊ हप्ते म्हणजे 45,000 आणि किराणा दुकानाची उधारी 7,300 होती.

हे कर्ज चैनीतून झाले नव्हते, पण ते सगळे पुरामुळेच झाले असे म्हणणेही खरे ठरणार नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेले आणि शाहूपुरीतल्या आमच्या घरात कमरेएवढे शिरले. घर पुन्हा उभे करण्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आले तेव्हा पतसंस्थेचा उंबरा पुन्हा चढण्याचे धैर्य नव्हते, म्हणून फ्रीज, गादी आणि मिक्सर कार्डावर आले. मात्र त्यानंतरची दिवाळी, मुलाचा मोबाइल आणि एका लग्नाचा आहेरही त्याच कार्डावर गेला, आणि त्याचा दोष पंचगंगेला देता येत नाही.

आता आधी कोणाचे फेडायचे, असे मी विचारले तेव्हा यजमान क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, “दादांचे.” माझेही उत्तर तेच होते. दर महिन्याला 5,000 रुपये आम्ही दादाला देतच होतो, आणि कार्डाचे मात्र ‘किमान देय’ तेवढे भरत होतो. दादा सणावाराला भेटतो, लग्नात समोर बसतो, आणि त्याने शब्दही काढला नाही तरी आपली मान खाली जाते. कार्ड कुठल्याही लग्नात भेटत नाही. आमची फेड लाजेच्या क्रमाने चालली होती. व्याजाच्या क्रमाने ती चालायला हवी, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते.

त्या दिवशी कार्डाचे बिल मी पहिल्यांदा ओळ न ओळ वाचले. व्याज दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे 64,000 वर 2,240 रुपये. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 403 रुपये. किमान देय होते पाच टक्के, 3,200 रुपये. याचा अर्थ आम्ही 3,200 भरत होतो तेव्हा मुद्दलातून जेमतेम 557 रुपये कमी होत होते, आणि त्याच महिन्यात बिनव्याजी पैसे देणाऱ्या दादाला 5,000 देऊन आम्ही स्वतःला प्रामाणिक समजत होतो.

पतसंस्थेच्या कर्जाचाही उलगडा तेव्हाच झाला. घेताना ‘शेकडा एक’ असे सांगितले होते आणि आम्ही ते वर्षाला बारा टक्के असे समजून सही केली होती. दीड लाखाला तीन वर्षांचे व्याज 54,000, आणि 36 हप्त्यांत विभागून दरमहा 5,667. व्याज अखेरपर्यंत पूर्ण दीड लाखावरच मोजले जाते, शेवटच्या महिन्यात चार-साडेचार हजारच मुद्दल उरले असले तरी. बँकेच्या, म्हणजे घटत्या शिलकीच्या पद्धतीने मांडले तर तोच दर एकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. यात फसवणूक कोणाची झाली नाही. कागदावर सगळे लिहिलेले होते, आम्ही दर ‘सपाट’ की ‘घटता’ हे विचारले नाही. भिशीविषयी तर बोलूच नये. लिलावात लाखाची भिशी मी 82,000 ला उचलली होती, आणि ते 18,000 म्हणजे व्याजच होते हे मला कळायला दीड वर्ष लागले.

मार्ग सुचवला सासूबाईंनी. त्यांचा कोल्हापुरी साज, त्यांच्या लग्नात गुजरीतून, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातून घडवून घेतलेला, वर्षातून एकदा नवरात्रात बाहेर निघत असे. मी गहाण हा शब्द उच्चारायला तयार नव्हते. त्या म्हणाल्या, “कपाटात ऱ्हाऊन साज काय पिल्लं घालतोय व्हय? सोडवून आणायची धमक असंल तर न्या.” त्या वाक्याचा उत्तरार्ध मी पुढचे वर्षभर विसरले नाही.

सोनेतारण कर्जासाठी आम्ही बँकेत गेलो. साजाच्या पानांत आणि मण्यांत लाख भरलेली असते, खडेही असतात. बँकेचा सराफ या दोन्हींचे वजन वजा करून फक्त निव्वळ सोन्याची किंमत धरतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या नियमानुसार त्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळत असे. घरात ‘तीन तोळ्यांचा’ म्हणून मिरवलेला साज निव्वळ एकवीस ग्रॅम भरला. सासूबाईंना हे अजून सांगितलेले नाही. 65,000 रुपये नऊ टक्क्यांनी मिळाले आणि त्याच दुपारी कार्ड शून्यावर आले. जिथे महिन्याला 2,643 रुपये जात होते तिथे पहिल्या महिन्याचे व्याज 487 रुपये झाले.

एक धोका मात्र इथे सांगितलाच पाहिजे. सोने तारण ठेवून कार्ड मोकळे करणारी आणि सहा महिन्यांत तेच कार्ड पुन्हा भरून टाकणारी माणसे आमच्याच गल्लीत आहेत. त्यांच्यावर आता दोन्ही कर्जे आहेत. आम्ही कार्ड काही महिने डब्याच्या तळाशी ठेवले आणि नंतर लेखी विनंती करून बंद केले. जुलै 2022 पासून लागू झालेल्या नियमानुसार, थकबाकी नसेल तर कार्ड सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावे लागते, नाहीतर कंपनीला दिवसाला 500 रुपये दंड द्यावा लागतो. हा नियम अर्जात नमूद केल्याने काम लवकर झाले.

त्याआधी कागलला जाणे भाग होते. दादाला सांगायचे होते की तुझे पैसे वर्षभर थांबतील, कारण तू व्याज घेत नाहीस. हे वाक्य मी बसमध्ये मनात दहा वेळा घोळवले आणि तरी ते बोलताना जीभ अडखळली. दादा म्हणाला, “अगं, मी मागितलेत का?” वहिनी चहाचे कप उचलून आत गेल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. मी मार्च 2023 ही तारीख कागदावर लिहून दिली. दादा नको म्हणत होता. कागद वहिनींनी घेतला.

घरखर्चाचा ताळा बसवणे हे खरे कष्टाचे काम होते. यजमानांचा शिवाजी उद्यमनगरात लेथवरचा जॉबवर्कचा धंदा आहे. लहान उद्योगांचे बिल 45 दिवसांच्या आत द्यावे असे 2006 चा कायदा सांगतो, पण पुढचे काम हवे असलेला माणूस तो कायदा दाखवणार कोणाला? त्यामुळे एका महिन्यात पन्नास हजार येतात आणि पुढच्यात निम्मेही नाहीत. आम्ही नेहमी सरासरी धरून खर्च करत आलो होतो. या वेळी मागच्या बारा महिन्यांतला सर्वांत हलका महिना शोधला; माझे शिवणकाम धरून त्यात 31,000 आले होते. आमचे हप्ते होते 18,867. उरलेल्या 12,133 मध्ये चार माणसांचे घर चालत नव्हते, आणि न चालणारे सगळे कार्डावर जात होते. एवढी साधी वजाबाकी आम्ही दोन वर्षे केली नव्हती. नव्या रचनेत पतसंस्था, भिशी आणि सोनेतारणाचे 5,000 मिळून 15,667 झाले. कार्डाचे वाचलेले 3,200 आधी किराणा दुकानात गेले आणि ती उधारी तीन महिन्यांत मिटली. हलक्या महिन्यापेक्षा जे जास्त येईल ते वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या हलक्या महिन्याला वापरायचे, एवढाच नियम ठेवला. तो दोनदा मोडला, एकदा गौरी-गणपतीत आणि एकदा लेथची मोटर जळाली तेव्हा.

ऑक्टोबर 2022 ला भिशी संपली. ते 5,000 रुपये खर्चात मिसळू न देता आवर्ती ठेवीत वळवले, कारण पाऊस दर वर्षी येतो. फेब्रुवारी 2023 मध्ये शेवटचे साडेआठ हजार भरून साज सोडवला. सासूबाईंनी तो हातात घेऊन पाने मोजली, पुन्हा मोजली, आणि डबीत ठेवला.

ठरल्याप्रमाणे मार्चपासून दादाला दरमहा 8,000 पाठवू लागले. सात हप्ते झाले आणि उरलेले 4,000 मी भाऊबीजेला पाकिटात घालून कागलला नेले. ओवाळणी झाल्यावर पाकीट दादापुढे ठेवले, तसा तो ते परत सारू लागला. वहिनी आत गेल्या आणि एक लहान वही घेऊन आल्या. माझा तो कागद तिच्यात घडी करून ठेवला होता आणि त्याखाली प्रत्येक हप्ता तारखेसह लिहिलेला होता. जूनच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले. मुलाच्या शाळेचा खर्च आला म्हणून त्या महिन्यात मी 7,500 पाठवले होते आणि साफ विसरले होते. मी पर्समधून पाचशेची नोट काढली. वहिनींनी ती घेतली, ओळीवर रेघ मारली आणि म्हणाल्या, “आता जेवायला बसा.”