तुझा पेटीवाला

रविवार, 15 सप्टेंबर 2024

सकाळची आरती आटोपून घरी आले तर दादाचे दोन मिस्ड कॉल. परत लावला. "अगं, आज तुझ्या पेटीवाल्याची पुण्यतिथी. सोळा वर्षं झाली." एवढं सांगून तो वहिनीच्या गुडघ्याकडे वळला, डॉक्टर काय म्हणाले, बेल्ट किती दिवस लावायचाय वगैरे. त्याच्या बोलण्यात पाऊस, गुडघा आणि पुण्यतिथी एकाच सुरात येतात.

पेटीवाला म्हणजे रिचर्ड राइट, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा कीबोर्डवादक. हे नाव दादाचंच. घरात गिटार त्याची आणि पेटी माझी, त्यामुळे जगातल्या सगळ्या वाजवणाऱ्यांची आमच्याकडे अशीच वाटणी झालेली होती. त्याच बँडचा गिटारवाला डेव्हिड गिल्मर त्याचा, राइट माझ्या गळ्यात बांधलेला. तेव्हा मला तो नकोच होता खरं तर. पेटी शिकवायला येणाऱ्या गुरुजींनी 'उजव्या हाताची करंगळी झोपलीय' म्हणून छडी मारलेली असायची आणि आतल्या खोलीत दादाची गिटार आरडाओरडा करत असायची. मलाही आरडाओरडा करायचा होता.

मुंबईच्या ऱ्हिदम हाउस या दुकानातून दादाने त्यांच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमची कॅसेट आणली होती. आईच्या टू-इन-वनवर ती इतकी वाजली, की शेवटी पेन्सिलीने गुंडाळून गुंडाळून फीत पार वेडीवाकडी झाली. गिटारचे तुकडे मला पाठ होते. घड्याळांचा गजर, गल्ल्याचा खणखणाट, तो हसणारा माणूस, सगळं पाठ. कीबोर्ड? विचारलं असतं तर म्हटलं असतं, हो, असेल की मागे कुठेतरी.

तो पहिल्यांदा ऐकू आला तो नसताना. पुष्कळ वर्षांनी, लग्नानंतर, त्यांचा 1983 चा 'द फायनल कट' ऐकत होते. त्यात पियानो आहे, ऑर्गन आहे, मोठा वाद्यवृंदही आहे, आणि तरी आत शिरल्यावर रिकाम्या घरात बोलल्यासारखं वाटत राहिलं. सामान हलवलेल्या घरात आवाज कसा भिंतींवर आपटतो, तसं. कव्हर उलटून बघितलं. राइटचं नाव नाही. गादी, पडदे, सतरंजी काढून नेल्यावर कळतं, की आवाज शोषून घेणारं काहीतरी इतके दिवस घरात होतं. त्यानंतर मी जुनं सगळं पहिल्यापासून ऐकायला काढलं.

मंडळाच्या आरतीत मी गेली अकरा वर्षं पेटी वाजवते. तिथे पेटी कुणी ऐकत नाही, आणि ते ठीकच आहे. झांजा, ढोलकी, टाळ्या, वर प्रत्येक घालीन लोटांगणला वाढत जाणारी लय. काल तर साउंडवाल्याने पेटीचा माइक बंदच करून टाकला, 'फीडबॅक येतोय, ताई' म्हणाला. पाचव्या मिनिटाला सगळा घोळका सूर सोडून वर चढला, मग त्याने गुपचूप माइक पुन्हा चालू केला. दिलगिरी वगैरे काही नाही. पण मला एकाच वेळी राग आला आणि बरंही वाटलं.

तर राइट. जन्म 28 जुलै 1943, लंडनच्या कडेला हॅच एंडला. 1962 मध्ये रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकला वास्तुशास्त्र शिकायला गेला आणि तिथे रॉजर वॉटर्स आणि निक मेसन भेटले. पुढे सिड बॅरेट आला आणि बँड झाला. सुरुवातीला राइटकडे फार्फिसा ऑर्गन होता, त्या काळचं तुलनेने स्वस्त, जरा नाकात बोलणारं वाद्य. त्याचा जीव मात्र जॅझवर. हे जॅझ कुठे दिसतं ते शोधायला मी आज दुपारी बसले. बाहेर तिसऱ्या गल्लीतल्या मंडळाची भिंत हादरत होती, म्हणून खिडक्या लावून, कानात हेडफोन आणि मांडीशी पेटी.

'ब्रीद' नावाचं गाणं आहे, 'द डार्क साइड ऑफ द मून'मधलं. गाणं परत सुरुवातीच्या कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यावर, येण्याआधी एक विचित्र वळण लागतं. राइटनेच नंतर सांगितलंय, की ती कॉर्ड त्याला जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' अल्बममध्ये सापडली. मी ती पेटीवर लावून बघितली. पांढरी दोन, म्हणजे सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी, सा धरली. मग काळी तीन, पांढरी सहा, वरची पांढरी एक, आणि सगळ्यात वर पांढरी चार. म्हणजे सा, शुद्ध गंधार, पंचम, कोमल निषाद, आणि त्यांच्या डोक्यावर कोमल गंधार. दोन्ही गंधार एकदम!

आपल्याकडे जोगात दोन्ही गंधार येतात, पण एक जाताना, दुसरा येताना. त्यांची गाठ पडत नाही. इथे ते एकाच वेळी उभे, एक खाली एक वर. भाता ओढून धरला तर आधी दात शिवशिवल्यासारखं होतं. मग दोनेक सेकंदांनी कान सैल पडतो आणि त्यातून एक धुरकट, उदास गोडवा बाहेर येतो. त्यानंतर तो काय करतो, तर वरच्या कोमल गंधारावरून कोमल रिषभावर उतरतो, आणि तिथून अर्धा सूर वर चढून घरी. एक बोट खाली, मग परत थोडं वर. बाकी काही नाही. हे मी पंधरा-वीस वेळा केलं. स्वयंपाकघरातून लेकीने विचारलं, "आई, पेटी बिघडली का गं?"

'द डार्क साइड' 1973 चा. त्यातल्या 'अस अँड देम'चा पियानो त्याहून जुना. अँतोनिओनीच्या 'झाब्रिस्की पॉइंट' या 1970 च्या चित्रपटासाठी राइटने तो केला होता, दंगलीच्या दृश्यासाठी. पडद्यावर लाठ्या आणि खाली हा संथ, जवळजवळ अंगाईसारखा पियानो. दिग्दर्शकाला तो पटला नाही. तीन वर्षांनी तोच तुकडा बाहेर काढला आणि त्यावर गाणं उभं राहिलं. त्यातल्याच 'द ग्रेट गिग इन द स्काय'चाही पाया राइटचा पियानो. सगळ्यांना गायिका क्लेअर टॉरीचा आवाज आठवतो, आणि आठवायलाच हवा. एका रविवारी संध्याकाळी तिला बोलावलं, 30 पौंड दिले, शब्द काहीच नाहीत म्हणून सांगितलं आणि ती त्या सुरांवर अक्षरशः रडली, हसली, मोकळी झाली. गाण्यात सहरचनाकार म्हणून नाव लागायला तिला कोर्टाची पायरी चढावी लागली आणि 2005 साल उजाडावं लागलं. पण ती ज्यावर उभी आहे ती जमीन ऐका कधीतरी. पियानो एकदाही तिच्या वाटेत येत नाही. ती श्वास घेते तेवढ्यात एक पायरी पुढे टाकून ठेवतो. आमचे गुरुजी म्हणायचे, गवई थांबला की पेटीने बोलायचं, गवई बोलला की पेटीने थांबायचं, आणि या दोन्हींच्या मधली जागा ज्याला दिसते तो साथीदार.

या वाद्याचं नशीबच असं. आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं पेटीला दारात उभं केलं नव्हतं. मैफिलीत मात्र तिच्यावाचून कुणाचं अडल्याशिवाय राहत नव्हतं.

'एकोज' आज मुद्दाम शेवटी ऐकलं. 1971 च्या 'मेडल'ची संपूर्ण दुसरी बाजू, साडेतेवीस मिनिटं. सुरुवात एका टिंगने होते. पाणबुडीतून ऐकू यावी तशी एकच पट्टी, मग शांतता, मग पुन्हा तीच. तो पियानोचा एक सूर आहे, लेस्ली स्पीकरमधून सोडलेला. लेस्ली म्हणजे लाकडी कपाट, त्यात वर कर्णा आणि खाली ढोल गरगर फिरत असतात. प्लॅटफॉर्मवर उभं असताना फास्ट लोकल भोंगा वाजवत निघून जाते आणि भोंग्याचा सूर जाता जाता खाली ओघळतो ना, तेच. फक्त इथे लोकल एका पेटाऱ्यात गोल गोल फिरतेय, त्यामुळे सूर सतत थरथरत येतो-जातो. बँड तेव्हा सुचेल ते तुकडे ध्वनिमुद्रित करून त्यांना 'नथिंग' एक, दोन, तीन असे क्रमांक देत होता, चोवीसपर्यंत. त्यातल्या एका 'काही नाही'मधून हा सूर निघाला. पुढे पक्कं ध्वनिमुद्रण करताना तसा आवाज पुन्हा मिळेना, म्हणून कच्च्या टेपवरचाच उचलला. एक सूर! आणि पुढची साडेतेवीस मिनिटं त्याच्या मागे चालत येतात.

त्यात गातात गिल्मर आणि राइट, दोघं मिळून. मला कित्येक वर्षं तो एकच माणूस वाटायचा. 'द डार्क साइड'मधल्या 'टाइम'मध्येही कडवी गिल्मरची आणि मधला मऊ भाग राइटचा, हे कळल्यावर मी दादाला फोन केला होता. "काहीतरीच! तो गिल्मरच आहे," म्हणाला. दोन दिवसांनी मेसेज आला, 'बरोबर आहे तुझं.' दादाने लेखी कबुली दिल्याची ही एकच नोंद आहे, जपून ठेवलीय.

1975 चं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' बँडबाहेर पडलेल्या बॅरेटसाठी. दादाच्या लेखी ते चार सुरांच्या गिटारचं गाणं. पण गिटार यायला दोन मिनिटं लागतात. तोवर कोण असतं? ओल्या बोटाने काठ घासलेले काचेचे पेले, जलतरंगाची लांबची बहीण म्हणा हवं तर, आणि त्याखाली-वर पसरलेले राइटचे सिंथसायझर. तो आधी पहाट करून ठेवतो, मग गिटार उगवते. नववा म्हणजे शेवटचा भाग तर एकट्या राइटच्या नावावर आहे. अगदी शेवटी, आवाज विरत असताना, मिनीमूग सिंथसायझरवर तो बॅरेटच्या 1967 च्या 'सी एमिली प्ले'ची ओळ वाजवतो. काही सेकंद. नाव न घेता हाक मारल्यासारखी.

पुढचं लिहायला मला आवडत नाही. 1977 च्या 'अॅनिमल्स'मध्ये 'शीप'ची सुरुवात त्याच्या इलेक्ट्रिक पियानोची, पण श्रेयनामावलीत फक्त वॉटर्स. 1979 मध्ये 'द वॉल'च्या वेळी वॉटर्सने त्याला बाहेर काढायला लावलं. त्या काळात राइटचं घरचंही बिनसलेलं होतं आणि तो काही देत नव्हता, हेही तितकंच खरं, त्याने स्वतःच ते नाकारलं नाही. मग 1980-81 च्या दौऱ्यात तो पगारी वादक म्हणून वाजवत होता. गंमत अशी, की त्या अवाढव्य दौऱ्यात बँडला तोटा झाला. तो उरलेल्या तिघांनी सोसला आणि पैसे मिळाले ते फक्त पगारी माणसाला! ही गोष्ट दादा हसून हसून सांगतो. मला नाही हसू येत. ज्या घराचा पाया आपण घातला तिथे महिन्याच्या महिन्याला पाकीट घ्यायला जायचं.

वॉटर्स गेल्यावर 1987 मध्ये तो परतला, तेही आधी पगारावरच. त्या वर्षीच्या अल्बमवर छायाचित्र गिल्मर आणि मेसन दोघांचं, याचं नाव आत बाकीच्या वादकांबरोबर. 1994 च्या 'द डिव्हिजन बेल'पर्यंत पुन्हा घरचा झाला. 2005 मध्ये लंडनच्या हाइड पार्कला लाइव्ह एट या जाहीर मैफिलीसाठी चौघं एकत्र उभे राहिले, त्याची व्हिडिओ क्लिप मी पाहिलीय. तीन जणांकडे कॅमेरा पुन्हा पुन्हा जातो. याच्याकडे जरा कमी.

माझं सगळ्यात आवडतं दृश्य मात्र पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या गोदीतलं आहे, ऑगस्ट 2006. गिल्मरचा कार्यक्रम, राइट सोबतीला. 'एकोज'च्या मध्यावर गिटार एक ओळ टाकते, ऑर्गन ती उचलून थोडी वाकवून परत देतो, गिटार हसते, ऑर्गन पुन्हा. दोघंही पिकलेल्या केसांचे, एकमेकांकडे बघताहेत, समोर हजारो लोक आहेत याचं भान नाही. सवाल-जवाब कसला, ओट्यावरच्या गप्पा. तो कार्यक्रम अल्बम म्हणून बाजारात आला 22 सप्टेंबर 2008 ला. राइट 15 तारखेला कॅन्सरने गेला होता, पासष्टाव्या वर्षी. पिंक फ्लॉइड म्हणजे नेमकं कोण या भांडणात रिकचा, म्हणजे राइटचा, वाटा लोक नेहमी विसरले, अशा अर्थाचं गिल्मरने तेव्हा लिहिलं. खरंय. भांडणारे कोण होते तेही आठवतं मग.

संध्याकाळी सातला खाली उतरले. साउंडवाल्याने आज आपणहून माइक पेटीजवळ सरकवला. आरत्या झाल्या, घालीन लोटांगण झालं, सगळे आपापल्या जागी गोल फिरून दमले. मंत्रपुष्पांजलीच्या आधी एक क्षण असतो. कापराचा वास येतो, झांजा थांबतात, कुणी सुरू करायचं म्हणून सगळे एकमेकांकडे बघतात. पेटी पांढरी दोनलाच लावलेली होती. मी भाता भरला आणि हळूच दोन्ही गंधार एकदम दाबले. मग वरचं बोट खाली, मग थोडं वर, घरी.

कुणाला काही कळलं नाही. फक्त ढोलकी वाजवणारा बी विंगमधला नववीतला मुलगा मान वळवून माझ्या बोटांकडे बघत राहिला.

"काकू, ते काय होतं?"

"चुकलं रे," म्हटलं.

"परत चुका ना," म्हणाला. तेवढ्यात मागून जोश्यांनी खणखणीत आवाजात यज्ञेन यज्ञम् सुरू केलं.